नाव नव्हे, दात बघून घेतलेलं बॅटरी ड्रिल



काल संध्याकाळी डाळिंबाच्या नव्या प्लॉटातलं ड्रिपचं काम उरकलं. दोन एकर, १४ बाय १० फुटांवर लागण, २१ ओळी. सबमेन मधोमध गेलेली. ओळीला दोन नळ्या आणि त्या सबमेनच्या दोन्ही अंगांना. म्हणजे ओळीला चार याप्रमाणे एकूण ८४ छिद्रं. दुपारी तीनला सुरुवात केली आणि दिवस मावळायच्या आत शेवटचं ग्रोमेट बसलं. रानात वायर ओढली नाही, बोर्ड मांडला नाही, "लाइट आली का रं?" म्हणून वस्तीकडं हाका मारल्या नाहीत.

हातात होतं ते बॅटरीवरचं ड्रिल ३,४०० रुपयांचं. त्याच्यावरचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. घेण्याआधी मीही ऐकलेलं नव्हतं.

असं ड्रिल घ्यावं का, कुठलं घ्यावं, म्हणून गेल्या महिन्यात ओळखीच्या तिघांनी फोन केला. तिघांनाही घाईत अर्धवट सांगितलं. आज नीट लिहितो. पण आमच्या रानात वायरचं ड्रिल का बंद झालं ते आधी सांगतो. त्याशिवाय बाकीची माहिती नुसती दुकानदारी वाटेल.

२०२२ चा जुलै. जुन्या बागेतली सबमेन बदलायची होती. आठवडाभर रिपरिप चालू होती, त्या दिवशी जरा उघडीप मिळाली म्हणून आम्ही दोघं भाऊ कामाला लागलो. वस्तीपासून बाग दोनशे फूट. एवढी लांब केबल एकसंध कुणाकडं असते? आमच्याकडं तीन तुकडे होते, मधे दोन जॉइंट. जॉइंट मी मारले होते. पिळा दिला, वर काळी टेप गुंडाळली, झालं. वर्षानुवर्षं तसंच चालत आलेलं.

मी ड्रिल धरून पुढं सरकायचो आणि धाकटा मागून केबल ओढून द्यायचा. केबल चिखलात, त्याचे हात ओले, पायात चप्पलही नाही. तिसऱ्या ओळीपाशी ड्रिल एकदम अडखळल्यासारखं झालं आणि मागून आवाज आला. तो आवाज मला लिहून सांगता येणार नाही. वळून बघतो तर धाकटा गुडघ्यावर, मूठ केबलवर आवळलेली. सुटेना. आपल्या वस्तीवरच्या २३० व्होल्टचं हेच वाईट असतं. हात आखडतो आणि ज्यानं धरलंय तेच घट्ट धरून ठेवतो.

मी त्याच्याकडं धावणार तेवढ्यात वस्तीवरून आण्णा ओरडले, "त्याला हात लावू नको!" हातातली वैरण टाकून त्यांनी पेटीचा मेन खाली ओढला. केबल मेली तेव्हा धाकट्याची मूठ उघडली.

वाचला. दवाखान्यात नेलं, छातीची पट्टी काढली, रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी सोडलं. तळहातावर भाजल्याचा चट्टा राहिला, अजून आहे. टेप पाण्यानं सुटली होती आणि तांबं उघडं पडलं होतं. जॉइंट माझा होता हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. मला मात्र माहीत होतं.

आण्णांनी एवढंच सांगितलं, "परत रानात वायर दिसली तर मी कुऱ्हाडीनं तोडीन." उरलेली छिद्रं मी सुतारमामाचं हातानं फिरवायचं ड्रिल मागून आणून पाडली. तीन दिवस लागले.

त्यानंतर बॅटरी ड्रिल घ्यायचं नक्की झालं. पहिलं घेतलं ते फसलं. ते का फसलं हे सांगतो, कारण माझं खरं शिक्षण तिथंच झालं.

मोबाइलवर बघून मागवलं. किंमत १,८५० रुपये. फोटोत काळी पेटी, आत ड्रिल, दोन बॅटऱ्या आणि वर लिहिलेलं "४८ व्होल्ट, ४६ नग". मला वाटलं, नावाजलेल्या कंपनीचं १८ व्होल्टचं मिळतंय, हे तर ४८ चं, म्हणजे अडीच पट ताकद. ४६ नग म्हणजे बिट, पाने, सॉकेट, सगळंच आलं. हरभऱ्याचे पैसे नुकतेच आले होते, घेऊन टाकलं.

घरच्या मोटारीसाठी मल्टीमीटर असतोच. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीला तो लावला तर आकडा आला २०.७. चार महिन्यांनी ती बॅटरी मेल्यावर उघडून बघितली तर आत पाच सेल. लिथियमचा एक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. पाच सेल ओळीनं जोडले की झाले २१. तोच सेल काम करताना सरासरी ३.६ वर असतो, त्याचे पाच म्हणजे १८. म्हणजे १८ व्होल्टचं ड्रिल आणि २१ व्होल्टचं ड्रिल हे एकच जनावर आहे. एकजण सरासरी सांगतो, दुसरा भरलेलं सांगतो. तसंच १०.८ आणि १२ चं, त्यात तीन सेल. मग ४८, ८८, १२८ हे आकडे कुठून येतात? कुठूनच नाही. बऱ्याच वेळा तो मॉडेलचा नंबर असतो, आपण त्याला व्होल्ट समजतो आणि विकणारा आपल्याला तसं समजू देतो.

पण व्होल्टची फसवणूक मी सोसली असती. खरं नुकसान चकनं केलं. ज्या तोंडात बिट पकडतो ते चक फिरताना डगडग करायचं. घरी लाकडाच्या फळीत दोन भोकं पाडली तेव्हा काही जाणवलं नाही. त्याच ड्रिलनं एक एकराच्या सबमेनला छिद्रं पाडली. बिट डगमगला की छिद्र गोल पडत नाही, लांबट पडतं. लांबट छिद्रात ग्रोमेटचं रबर चारी बाजूंनी सारखं बसत नाही. वरून ठीक दिसतं, पण पाणी सोडलं की बाजूनं झिरपतं. सबमेन मातीत गाडलेली, त्यामुळं झिरपणं डोळ्याला दिसत नाही. महिन्याभरानं लक्षात आलं की सबमेनच्या लगतची माती कधी वाळतच नाही. बाकी बाग वाफशावर आणि त्या पट्ट्यात चिखल.

पुढच्या पावसाळ्यात त्याच पट्ट्यातली दोन झाडं मर लागून गेली. मर नुसत्या पाण्यानं येत नाही, ती मातीतल्या बुरशीनं येते, आणि ही झाडं केवळ त्या गळतीनंच गेली असं मी छातीठोक सांगणार नाही. पण मुळाशी सतत ओल राहिली की बुरशीचं फावतं, हे डाळिंबवाल्याला कुणी शिकवायला नको. १,८५० रुपयांच्या ड्रिलनं तीन वर्षांची दोन झाडं पणाला लावली. नंतर पट्टा उकरून १९ ग्रोमेट काढले, तेवढा पाइप कापला आणि नवा जोडला. ती मजुरी धरली तर ड्रिल कितीला पडलं, याचा हिशोब मी मुद्दाम केला नाही.

दुसऱ्या वेळी ठरवलं, आता नावाजलेलंच घ्यायचं. बॉश, मकिता, डिवॉल्ट ही नावं सुतार, फॅब्रिकेशनवाले विश्वासानं घेतात आणि ते उगीच नाही. चौकशी केली. दोन बॅटऱ्या आणि चार्जर धरून आठ हजारांच्या आसपास बजेट जात होतं. ज्याचं रोजचं पोट ड्रिलवर आहे त्यानं ते घ्यावं, यात मला शंका नाही. पण माझं काम वर्षाचे वीस-पंचवीस दिवस. ड्रिपची छिद्रं, गोठ्याचे पत्रे, मांडवाचे अँगल, फाटकाचे बिजागर. त्या साली डाळिंबाला तेल्यानं गाठलेलं. आठ हजार म्हणजे फवारणीच्या दोन फेऱ्या. मन होईना.

आण्णांना म्हणालो, "स्वस्तातलं घ्यावं तर परत फसायची भीती, नावाचं घ्यावं तर परवडत नाही."

आण्णा खाटेवर बसून दोरी वळत होते. म्हणाले, "बैल आणताना बैलाचं नाव इचारतो का रं आपण? दात बघतो, चालवून बघतो, खांद्यावर हात फिरवतो, जुवाला लावून बघतो. मग इसार देतो. तू यंत्राचं दात बघितलंस का? तू फोटू बघितलास."

आमचा भाग खिल्लारचा. आण्णांनी आयुष्यभर बाजारात बैल पारखले. त्यांचं ऐकून मी यंत्राची पारख कशी करायची याची यादी वहीत लिहिली आणि ठरवलं की जिथं हातात घेऊन, चालवून बघू देतील तिथंच घ्यायचं. तालुक्याच्या गावात हार्डवेअरची तीन दुकानं फिरलो. पिशवीत घरून नेलं ते असं: पाइपचा फूटभर तुकडा, अँगलचा तुकडा, एक फळी, माझा स्वतःचा चांगला बिट, चार स्क्रू आणि मल्टीमीटर. पहिल्या दुकानदारानं पिशवी बघून हात जोडले. दुसरा म्हणाला, "घ्यायचं असेल तर घ्या भाऊ, टायमपास नको." तिसरा हसला आणि म्हणाला, "या शेठ, बसा. लावा तुमच्या बैलाला जुवाला." (त्याला मी आण्णांचं बोलणं सांगून टाकलं होतं.)

त्या दुकानात अनोळखी नावाची चार ड्रिलं होती. मी काय बघितलं ते क्रमानं लिहितो.

पहिलं, चकची डगडग. लांब, सरळ बिट लावायचा आणि अगदी हळू फिरवायचं. बिटाच्या टोकाकडं बघायचं. टोक एका जागी फिरलं तर ठीक. टोकानं हवेत वर्तुळ काढलं तर ते ड्रिल खाली ठेवायचं. एकाच बिटावर जाऊ नये, बिटच वाकडा असू शकतो, म्हणून दोन बिट लावून बघायचे. चारांतलं एक इथंच बाद झालं.

दुसरं, बटण. चांगल्या ड्रिलचं बटण जेवढं दाबाल तेवढा वेग. हळूहळू दाबल्यावर ते मुंगीच्या चालीनं फिरायला पाहिजे. एकदम धावलं तर पाइपवर बिट घसरतो. बटण सोडल्यावर चक जागच्या जागी थांबलं पाहिजे, गरगरत राहता कामा नये.

तिसरं, क्लच. चकच्या मागं आकड्यांची कडी असते. कमी आकड्यावर ठेवून फळीत स्क्रू मारायचा. स्क्रू बसला की क्लचनं टरटर आवाज करून सुटायला पाहिजे. नाही सुटला तर ते आकडे नुसते रंगवलेले आहेत. पत्र्याचे स्क्रू मारताना याचा उपयोग कळतो. क्लच नसेल तर वॉशरचं रबर चिरडतं आणि पहिल्याच वळवात पत्रा गळायला लागतो.

चौथं, जुवाला लावणं. अँगलला छिद्र पाडून बघितलं. एकावर कमी वेग आणि जास्त जोर, दोनवर जास्त वेग आणि कमी जोर, असे दोन गिअर असतात. लोखंडाला एकच नंबर. आधी बारीक बिट, मग मोठा, आणि टोकाला तेलाचा थेंब. बरेच जण लोखंडावर दोन नंबरला जोरात फिरवतात, बिट निळा पडतो आणि मग शिव्या कंपनीला. इथं दुसरं एक ड्रिल बाद झालं. गिअरमधून वास आला आणि माझ्या हाताला अंगावर येणारी धरधर लागली.

पाचवं, बॅटरी. स्वस्तातल्या ड्रिलमध्ये खरा फरक इथं असतो. लेबलवर काहीही लिहिता येतं, म्हणून लेबल वाचायचं नाही, वजन करायचं. दुकानदाराला म्हणालो, जरा काट्यावर ठेवा. लिथियमचा बोटाएवढा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. पाच सेलची बॅटरी कव्हरसकट साडेतीनशे ग्रॅमच्या घरात जाते, दहा सेलची सहाशेच्या घरात. एका बॅटरीवर "४ एएच" लिहिलं होतं, म्हणजे जुन्या मापाचे दहा सेल पाहिजेत. काट्यानं ३४० दाखवलं. दुकानदारही चकित झाला. तो खोटं बोलत नव्हता, त्यालाही डब्यावरचंच माहीत होतं.

घरी आणल्यावर आणखी एक कस लावता येतो, त्याला फक्त घड्याळ लागतं. चार्जरवर किती अँपिअर ते लिहिलेलं असतं. बॅटरी ड्रिल बंद पडेपर्यंत वापरायची, गार होऊ द्यायची आणि चार्जरला लावून वेळ मोजायची. एक अँपिअरच्या चार्जरवर दीड-पावणेदोन तासांत भरली तर ती दीड एएचची आहे. चारची असती तर चार तासांच्या वर लागले असते. विहिरीत पाणी किती ते पंपाच्या तासांवरून आपण ओळखतोच, हे तसंच आहे.

बॅटरीवर भारतीय मानकाची खूण बघा. आयएस १६०४६ हा लिथियम सेल आणि बॅटरीचा आकडा, आणि त्याच्याबरोबर आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. बीआयएस केअर नावाच्या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकला की कुणाच्या नावावर नोंद आहे ते दिसतं. मी दुकानातच टाकून बघितला. दोन मिनिटांचं काम. बॅटरी रात्री घरात चार्जिंगला राहणार, लेकरं शेजारी झोपणार, तेवढं बघितलंच पाहिजे.

सहावं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: हे बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार? अनोळखी ब्रँडच्या वॉरंटी कार्डावर मी भरवसा ठेवत नाही. पुढच्या वर्षी तो ब्रँड असेलच असं नाही, तोच माल दुसऱ्या स्टिकरखाली येतो. म्हणूनच मी या नोंदीत नाव लिहिलं नाही. तुम्ही ते नाव शोधत जाल आणि त्या डब्यात वेगळंच काही निघेल.

पैसे देण्याआधी मी ड्रिल घेऊन आमच्या मोटार रिवाइंडिंगच्या मिस्त्रीकडं गेलो. दुकानदारानं पाचशे रुपये ठेवून घेतले आणि नेऊ दिलं. मिस्त्रीनं चार स्क्रू काढून आत बघितलं. म्हणाला, "दादा, ही साधी ५५० मापाची कार्बनवाली मोटर हाय. जळली तर मी बसवून देतो. फक्त पिनियनचं दात मोजून आणायचं, बारा हायत का चौदा." म्हणजे आण्णांचं शब्दशः खरं झालं, दात मोजावेच लागले.

ब्रशलेस ड्रिल चांगलं असतं, ताकद जास्त आणि चार्जिंग जास्त पुरतं, हे खरं. पण स्वस्तातल्या ब्रशलेसचं आतलं सर्किट गेलं की आमचा मिस्त्री हात टेकतो. जिथं कंपनीचं सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर, तिथं मी दुरुस्त होणारी साधी मोटर घेतली. तुमच्या गावात करणारा असेल तर तुमचा निर्णय वेगळा असू दे.

बॅटरीचंही तसंच. बऱ्याच अनोळखी ब्रँडचे पॅक एकाच घाटाचे असतात. मी दुकानातल्या दुसऱ्या कंपनीचा पॅक लावून बघितला. बसला, चालला. म्हणजे उद्या ही कंपनी गेली तरी बॅटरी मिळेल. आणि फवारणीच्या बॅटरी पंपाची दुरुस्ती करणारा जो मुलगा आहे तो सेल बदलून पॅक भरून देतो. फक्त त्याला सांगायचं की पाचही सेल एका जातीचे, एका क्षमतेचे टाक आणि आतली संरक्षणाची पट्टी काढू नको. एक म्हातारा आणि चार तरणे बैल एका नांगराला चालत नाहीत.

ज्याच्याकडं मी अजिबात बघितलं नाही तेही सांगतो. नगांची संख्या. ४६ नगांतले ३० नग पहिल्या लोखंडात बोथट होतात. मी विनापेटीचं, नुसतं ड्रिल, दोन बॅटऱ्या आणि चार्जर घेतलं आणि वाचलेल्या पैशात चांगल्या पोलादाचे पाच बिट घेतले. दुसरं, हातोडीचं चित्र. या ड्रिलचा हॅमर विटेला आणि प्लास्टरला ठीक. सिमेंटच्या खांबाला लावाल तर खांबही राहील आणि ड्रिलही जाईल. त्या कामाला मी आजही मोठं मशीन भाड्यानं आणतो.

ते येतं वायरवर. म्हणून हेही लिहितो: वायर वापरायचीच असेल तर एकसंध केबल, जमिनीवर जॉइंट नाही, आणि बोर्डाच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गळती झाली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइट तोडतो. आमच्या वस्तीवर तो २०२२ च्या ऑगस्टमध्ये बसला. जुलैच्या आधी बसायला पाहिजे होता.

आता वापरातल्या चार गोष्टी, ज्या कालच्या कामात उपयोगी पडल्या.

सबमेनवर दोरी धरून खुणा करा, म्हणजे सगळी छिद्रं एका रेषेत येतात. ड्रिपवाला ग्रोमेटच्या मापाचा बिट देतो, तोच वापरा, "जवळपासचा" नको. बिटाला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर वरची भिंत भेदून खालच्या भिंतीलाही भोक पडतं आणि ते कुणाला दिसत नाही. ड्रिल उभं धरा, तिरपं छिद्र म्हणजे परत लांबट छिद्र. प्लास्टिकचा कीस आत पडतोच. म्हणून नळ्या जोडण्याआधी सबमेनचं टोक उघडून पाणी सोडा. तो कीस ड्रिपरमध्ये अडकला की आपण क्षाराला दोष देतो आणि ॲसिड सोडत बसतो.

बॅटरीला ऊन सोसत नाही. लिथियम सेल चार्ज करायची मर्यादा साधारण ४५ अंश. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त होतं. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत अर्धा तास ठेवा. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवू नका, खतं आणि औषधांच्या खोलीत तर नाहीच. महिना-दोन महिने काम नसेल तर अर्धी भरून ठेवा. पार रिकामी ठेवली की ती परत उठत नाही.

हे ड्रिल घेतलं २०२४ च्या जानेवारीत. तेव्हापासून गोठ्यावरचे पत्रे, मांडव, शेजाऱ्याचं शेडनेट, आणि आता हा प्लॉट. कार्बन एकदा बदलले. एक बॅटरी आता पहिल्यासारखी चालत नाही. ८४ छिद्रांना दोन्ही बॅटऱ्या पुरल्या, दुसरीत थोडं शिल्लक राहिलं. नावाजलेलं असतं तर एकीवर झालं असतं, हे मान्य.

एक राहिलं. त्या जुलैपासून धाकटा कुठल्याच मशीनला हात लावत नव्हता. स्टार्टरचं बटणसुद्धा पायानं किंवा काठीनं दाबायचा. आम्ही कुणी त्याला काही म्हणत नव्हतो. काल साधारण साठ छिद्रं झाली, माझं मनगट भरून आलं, मी बांधावर बसलो आणि तांब्या तोंडाला लावला. तो नळ्या पसरत होता. माझ्याकडं न बघता आला, ड्रिल उचललं, उलटंपालटं करून बघितलं.

"दादा, यात किती असतं म्हणालास?"

"एकवीस. ओल्या हातानं धरलं तरी काही होत नाही."

त्यानं बटण हळूच दाबलं. सोडलं. परत दाबलं. मग गुडघ्यावर बसला आणि दोरीवरच्या पुढच्या खुणेवर बिट टेकवला. पहिलं छिद्र पाडायला त्याला बराच वेळ लागला. मी काही बोललो नाही. उरलेली वीस-बावीस त्यानंच पाडली.

आज सकाळी पाणी सोडून सगळे ग्रोमेट बघितले. एकही गळत नाही. आण्णांनी सबमेनच्या कडेनं फिरून माती दाबून बघितली, ड्रिल हातात घेऊन चकात बोट घातलं आणि म्हणाले, "जनावर बरं हाय."

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा पाइपचा तुकडा, आपला बिट आणि मल्टीमीटर पिशवीत टाकून जा. जो दुकानदार लावून बघू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, वर कुठलंही नाव असो.

राम राम.